गावातल्या आत्महत्या हा आरोग्य खात्याचा विषय आहे की कर्जमाफीचा?

तुमच्या प्रश्नातल्या त्या 'की'वरून आमच्या घरात 2013 पासून भांडण चालू आहे, म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यात. दादाचे खनिज वाहणारे दोन ट्रक, दोन्ही कर्जावर. 2012 च्या सप्टेंबरात, ऐन गणेशचवथीच्या तोंडावर खाणी बंद झाल्या. पहिलं वर्ष त्याने सगळ्यांसारखंच ढकललं. पुढच्या चवथीला म्हणाला, "माटोळी यंदा तू बांध." माटोळीला, म्हणजे गणपतीवर बांधतात त्या फळापानांच्या छताला, दुसऱ्याचा हात लागू न देणारा माणूस! आरतीला वाजवायचं घुमट हे वाद्यही हातात घेतलं नाही. झोप नाही, छातीवर दडपण येतं म्हणून दोनदा डॉक्टरकडे गेला, दोन्ही वेळा पित्ताच्या गोळ्या घेऊन आला. मग एका संध्याकाळी विम्याचे, ट्रकचे कागद काढून वहिनीला एकेक समजावत बसला. ती घाबरली. "भावोजी, तुम्ही विचारा. माझ्याच्यान व्हायचं नाही."

थोरले काका आडवे आले. "तुका पिशें लागलां? वेडबिड लागलंय का तुला? विचारलंस तर मनात नसलेलं येईल. कर्ज फिटलं की होईल बरा." आणि देवळात जाऊन प्रसाद लावून, म्हणजे देवाचा कौल घेऊन आले.

मी विचारलंच. पडवीत, सरळ: "दादा, जीव द्यायचं मनात येतं का?" बराच वेळ गप्प होता. मग रडला आणि हो म्हणाला. त्या रात्री त्याच्या शेजारीच झोपलो. बागायतीत फवारायची औषधं वहिनीने शेजाऱ्याकडे नेऊन ठेवली. सकाळी बांबोळीच्या मनोरुग्णालयात नेला. काका आजही सांगतात की छातीसाठी मेडिकल कॉलेजात नेला होता. दोन्ही बांबोळीलाच आहेत, ही त्यांची सोय.

विचारल्याने विचार पेरला जात नाही, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. काकांना सांगून उपयोग नाही.

आता तुमच्या प्रश्नातलं कर्ज. 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद झाली. पोलिसांनी लिहिलेल्या कारणांत घरगुती प्रश्न सुमारे 32 टक्के, आजारपण 18, कर्ज चारेक टक्के. अर्थात पोलीस एकच रकाना भरतात. घरगुती कलहाच्या पोटात कर्ज किती आणि दारू किती, ते त्यात दिसत नाही. श्रीलंकेने काय केलं बघा. अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, आणि 1995 नंतरच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी उतरलं. तेवढ्यात तिथल्या लोकांची कर्जं फिटली असं कोणी म्हणत नाही. ती घटका टळली की बरीच माणसं वाचतात.

आणि डॉक्टर कमी आहेत ही सबब गोव्याने तरी देऊ नये. आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगाथ या गोव्यातल्या स्वयंसेवी संस्थेने डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावर उपचार करून दाखवले. 2010 आणि 2017 मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आलं. पोलिसांच्या भीतीने लपवू नका: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला तणावाखाली असल्याचं धरलं जातं, शिक्षा नाही. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्रीही. तुम्ही स्वतःसाठी विचारत असाल तर उरलेलं वाचायच्या आधी तो लावा.

2018 मध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या. दादाने त्या वर्षीही माटोळी स्वतः बांधली. कर्जच आजार असता तर तेव्हा काय झालं असतं, हे मी काकांना विचारलं. उत्तर नाही.

मी डॉक्टर नाही. दादाला लागू पडलं ते सगळ्यांना पडेलच असं नाही. शिवाय 2018 पर्यंत एक ट्रक विकून कर्ज बरंचसं उतरलं होतं, आणि तो विकायला दादाला काकांनीच राजी केलं होतं. काका हे वाचणार नाहीत म्हणून लिहितोय.