गंगापूर धरणाच्या जलाशयात बोटीवर किनाऱ्यावरील वायफाय दोन किलोमीटरपर्यंत मिळेल का?

होय, मिळू शकते; मात्र मोबाइल किंवा लॅपटॉपच्या अंगच्या अँटेनावर विसंबू नये, कारण किनाऱ्यावरील राउटरचा सिग्नल तुमच्यापर्यंत पोहोचला तरी तुमच्या उपकरणाचा क्षीण सिग्नल परत तिथे पोहोचत नाही. त्यासाठी डोलकाठीवर किंवा टपावर बाहेर बसवण्याजोगा २.४ गिगाहर्ट्झचा वायफाय रेडिओ लावावा आणि त्याचे इंटरनेट बोटीतील छोट्या राउटरला द्यावे.

बोट सतत दिशा बदलते, म्हणून तिच्यावर सर्व दिशांना चालणारा अँटेना हवा. इथे बहुतेकांचा कल अधिक गेनकडे (अँटेना सिग्नल किती एकवटतो त्याचे माप) असतो, पण गेन जितका जास्त तितका त्याचा उभा झोत अरुंद होतो आणि बोट हेलकावली की संपर्क तुटतो. माझ्या मते ६ ते ८ डीबीआय (गेनचे एकक) पुरेसे आहे. दिशादर्शी, म्हणजे एकाच दिशेने झोत टाकणारा अँटेना किनाऱ्यावर लावावा.

उंचीची हयगय करू नका. दोन किलोमीटरच्या अंतरात मध्यावर दोन्ही अँटेनांना जोडणाऱ्या सरळ रेषेभोवती सुमारे आठ मीटर त्रिज्येची जागा मोकळी असणे उत्तम, आणि पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या लहरीही अडथळा आणतात. रेडिओ अँटेनाच्या बुडाशीच ठेवून खाली फक्त ईथरनेट केबल आणावी, म्हणजे लांब अँटेना केबलमधील घट टळते.

भारतात या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात विनापरवाना प्रसारणाची प्रभावी शक्ती (अँटेनाचा गेन धरून) ४ वॅटपर्यंतच आहे, तेव्हा वाढीव अॅम्प्लिफायर जोडू नये.