डॅलसला येऊन मुलांना घरी शिकवायचंय? निघायच्या आधी काही मागवू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये नाशिकहून डॅलसला येताय, मुलगी ६ वर्षांची, मुलगा ९ चा, पहिलं वर्ष तरी घरीच शिकवायचंय, मग कुठला करिक्युलम, म्हणजे घरी शिकवायचा तयार अभ्यासक्रम, आत्ताच मागवून ठेवू? माझं ऐकाल तर आत्ता कुठलाच नको.

कायद्याचं टेन्शन घेऊ नका, टेक्सासमध्ये होमस्कूलला प्रायव्हेट स्कूल धरतात, नोंदणी नाही की सरकारी परीक्षा नाही, फक्त वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व हे पाच विषय लेखी अभ्यासक्रम घेऊन खरोखर शिकवायचे. पण पुढेमागे नोकरी न्यूयॉर्क किंवा पेनसिल्व्हेनियाला गेली तर तिथे कागदपत्रं बरीच लागतात, हे लक्षात असू द्या.

आम्ही आलो तेव्हा मुलगी ७ ची होती आणि मी धास्तीने अख्ख्या वर्षाचा तयार बॉक्स घेतला, सगळे विषय, रोज किती पानं तेही ठरलेलं. गणित तिला फारच सोपं आणि इंग्लिश वाचन अजिबात झेपेना, दोन महिने रोज सकाळी रडारड, शेवटी बंद केला. म्हणून सांगते, इयत्ता बघून घेऊ नका, प्रत्येक विषयाची लेव्हल वेगळी घ्या. सिंगापूर मॅथ म्हणून गणिताचा करिक्युलम आहे, त्याची प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे मूल कुठल्या लेव्हलला आहे ते कळायची परीक्षा, फुकट मिळते, ती दोघांनाही द्या. मुलाला गणिताची आवड असेल तर बीस्ट अकॅडमी बघा, कॉमिक्समधून शिकवतात पण गणितं चांगली डोकं खाणारी असतात. मुलीच्या वाचनासाठी ऑल अबाउट रीडिंग, त्यात अक्षरांच्या टाइल्स हाताने सरकवून शब्द बनवायचे असतात. आणि हो, इथले बरेच करिक्युलम ख्रिश्चन धर्माच्या अंगाने लिहिलेले असतात, विज्ञानाचे पण, तसं नको असेल तर सेक्युलर लिहिलंय का ते बघूनच घ्या.

हाताने करायच्या वस्तूंवर मात्र हात आखडू नका. आमच्याकडे सगळ्यात जास्त वापरली ती १०० मण्यांची माळ, दहा लाल, दहा पांढरे अशी ओवलेली. ४७ अधिक ८ करताना लेक ४७ वर कपड्याचा चिमटा लावायची, तीन मणी सरकवून ५० गाठायची, मग उरलेले पाच, आणि एक दिवस चिमटा हातातच राहिला, माळेकडे न बघता ५५ म्हणाली! हातचा म्हणजे काय हे वहीत महिनाभर समजावून जे झालं नव्हतं ते तिथे झालं. अपूर्णांक आम्ही मेजरिंग कपने शिकलो, पाव कपाने रवा चार वेळा घातला की एक कप, शिरा पण होतो. विज्ञानासाठी पुण्याच्या अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी नेटवर फुकट आहेत, मराठीतही, स्ट्रॉ आणि आगपेटीच्या काड्यांवर काम भागतं. बाकी इतिहास-भूगोल लायब्ररीतून, कार्ड फुकट आणि पुस्तकं ढिगाने आणता येतात.

बॅगेत जागा उरली तर मराठी गोष्टींची पुस्तकं भरा, इथे तीच मिळायची मारामार आहे. मुलाला भागाकार कुठपर्यंत येतो तेवढं कळवा, म्हणजे त्याला कुठल्या लेव्हलपासून टेस्ट द्यायची ते सांगते.