जर्मनीत खोटी युरो नोट हाती आली तर

तुमचे दोन प्रश्न आहेत: जर्मनीत खोटी नोट ओळखायची कशी, आणि चुकून आपल्याकडे आली तर पोलीस आपल्यालाच धरतील का. आधी दुसऱ्याचं उत्तर देतो, कारण लोक अडकतात ते तिथे.

नोट खोटी आहे हे लक्षात आल्याबरोबर पोलिसांकडे नेऊन दिलीत, तर काळजीचं कारण नाही. कुठे मिळाली, कोणी दिली, हे विचारतील. नोट मात्र जमा होते आणि पैसे बुडतात. भरपाई बँक देत नाही, सरकारही देत नाही. म्हणून मोह होतो की गर्दीच्या दुकानात गुपचूप खपवून टाकावी. ते अजिबात करू नका. आपली स्वतःची फसवणूक झालेली असली, तरी खोटी आहे हे कळल्यावर ती पुढे चालवणं हा जर्मन दंडसंहितेच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे: दंड किंवा ५ वर्षांपर्यंत कैद. नुसता प्रयत्नही पुरतो. पन्नास युरोंसाठी व्हिसावरच्या माणसाने हे झेंगट कशाला ओढवून घ्यायचं?

नुसती शंका असेल तर बँकेत दाखवा. संशयित नोट ते ठेवून घेतात, त्याची पावती मागून घ्या. तपासणी बुंडेसबँकेच्या, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या, माइन्झ शहरातल्या केंद्रात होते. खरी निघाली तर पैसे मिळतात.

आता ओळखायचं कसं. जास्त बनावट होतात त्या २० आणि ५० च्या नोटा. खऱ्या नोटेचा कागद कापसाचा, करकरीत असतो. पुढच्या बाजूला डाव्या-उजव्या कडेवरच्या आखूड रेघांवरून नख फिरवा, उठाव जाणवतो. मग नोट तिरपी करा: खाली डावीकडचा हिरवा आकडा गडद निळ्याकडे झुकतो आणि त्यावर प्रकाशाचा पट्टा वर-खाली सरकतो. २० पासून वरच्या नोटांना चंदेरी पट्टीत एक पारदर्शक खिडकी असते. उजेडासमोर धरली की तिच्यात युरोपा या ग्रीक पुराणातल्या स्त्रीचा चेहरा दिसतो. मला विचाराल तर ही खिडकी सगळ्यात भरवशाची. खोट्या नोटा ओळखायच्या पेनच्या नादी लागू नका, ते फक्त साध्या कागदातल्या स्टार्चवर रंग बदलतं.

हे सगळं २०१३ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या नव्या मालिकेचं. २००२ च्या जुन्या नोटाही चालतात, त्यांच्यावर चेहरा नसतो, म्हणून घाबरू नका. ५०० ची नोट २०१९ पासून नव्याने काढत नाहीत, पण तीही वैध आहे. भारतातून मात्र ती आणू नका, सुटे करताना जीव मेटाकुटीला येईल. बँकेतून किंवा परवानाधारक मनी चेंजरकडून छोट्या नोटा घ्या आणि पावती जपून ठेवा.

गंमत म्हणजे, ‘मूव्ही मनी’ किंवा ‘प्रॉप कॉपी’ (म्हणजे सिनेमातली नकली नोट) असं चक्क छापलेल्या नोटाही इथे खपतात. घेणारा बघतच नाही!

खरी सावधगिरी हवी ती जुना लॅपटॉप, सायकल अनोळखी माणसाला रोखीने विकताना. अंधारात, जिन्याखाली पैसे घेऊ नका. आपल्या बँकेतल्या पैसे भरायच्या मशिनपाशी भेट ठरवा आणि वस्तू हातात देण्याआधी नोटा त्यात भरा. समोरचा तिथे यायला कां-कूं करू लागला, तर दुसरं गिऱ्हाईक बघा.