आधी पायाखाली बघा

प्रश्न : ताई, आम्ही डोंबिवलीत वन रूम किचनमध्ये पाच माणसं राहतो. सकाळी सगळे अंथरुणात, त्यामुळे मॅट पसरायला जागा नाही. मला साडेसहाची लोकल गाठायची असते. माझा योगाभ्यास होणार कुठे?

उत्तर : मॅट पसरायचा हट्ट सोडा. त्या वेळी स्वयंपाकघर तर रिकामं असतं ना? मग ओटा तुमचा. ओट्याच्या कडेवर दोन्ही तळवे ठेवायचे आणि एकेक पाऊल मागे जायचं, पाठ जमिनीला समांतर येईपर्यंत. मांड्यांच्या मागे फार ओढ बसली तर गुडघे थोडे वाकवा, पण पाठीला पोक नको. चहाला उकळी येईपर्यंत दहा श्वास सहज होतात.

हठप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात योग्याच्या मठीबद्दल लिहिलंय, की धनुष्यभर अंतरात दगड, अग्नी आणि पाणी नको. तुमच्याकडे कडप्पा, गॅस आणि नळ, तिन्ही हाताशी! म्हणून शेगडीपासून लांबचं टोक धरा, ओढणी बाजूला ठेवा आणि फरशी कोरडी पुसून घ्या. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, पट्टा, दोर, विटा हे सगळं आसनांच्या मदतीला घेतलं. ओट्यानं काय घोडं मारलंय?

उरलेलं गाडीत. दोन्ही पायांवर सारखा भार, गुडघे मागे ढकललेले नकोत. ठाण्यापर्यंत कडी उजव्या हातात, पुढे डाव्या. अर्थात, हात हलवण्याइतकी जागा मिळाली तर.

प्रश्न : निवृत्तीनंतर दापोलीजवळ घर बांधलंय. समुद्र पाच मिनिटांवर. रोज पुळणीवर सूर्यनमस्कार घालतो, पण महिन्याभरात मनगटं दुखायला लागली. शहरातल्या वर्गात असं कधी झालं नव्हतं.

उत्तर : होणारच. कोरड्या वाळूत तळहाताचा मनगटाकडचा भाग खोल रुततो आणि बोटं वर राहतात. म्हणजे लादीवर मनगट जेवढं मागे वाकतं, त्याहून जास्त इथे वाकतं, आणि बारा नमस्कारांत किती वेळा ते तुम्हीच मोजा. आधी आठवडाभर हातांवर भार देणारं सगळं बंद. दुखणं राहिलंच तर डॉक्टरांना दाखवा. नंतर सुरूच्या झाडांजवळची मऊ वाळू सोडून पाण्याकडे जा, ओल्या, घट्ट पट्ट्यावर. पाऊल टाकल्यावर टाच रुतली नाही की ती जागा आपली. तिथेही मनगटाखाली वाळूचा छोटा उंचवटा थापून घ्या.

पण तो पट्टा रोज सकाळी मिळत नाही, आणि इथे आपलं पंचांग उपयोगी पडतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. आमच्याकडे हे पोराटोरांना माहीत असतं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला समुद्र पार वर आलेला असतो. त्या दिवशी अंगणातच करा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्याच्या सहा तास आधी, म्हणजे पहाटे सव्वापाचच्या सुमाराला ओहोटी. उजाडेपर्यंत पाणी अजून खालीच असतं आणि कडक वाळू हवी तेवढी.

दुसरी गोष्ट उताराची. किनारा सपाट दिसतो, पण समुद्राकडे कललेला असतो. किनाऱ्याला समांतर तोंड करून उभे राहिलात तर एक पाय खाली आणि कंबर तिरकी. समुद्राकडे किंवा गावाकडे तोंड करून उभे राहा. त्रिकोणासनात तर अर्ध्या वेळानंतर तोंड फिरवाच.

आणि शीर्षासन वाळूत अजिबात नाही. हे मी पुस्तकातून सांगत नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी गुहागरच्या पुळणीवर, चार पाहुण्यांसमोर ऐट दाखवायला मी शीर्षासन केलं. पाय वर गेले, छान स्थिरावलेही. मग डाव्या कोपराखालची वाळू हळूच सरकली. एका बाजूला कलंडले, नाकातोंडात वाळू. पुढचे तीन आठवडे कोणी हाक मारली की मान वळायची नाही, अख्खी बाई वळायची! मऊ जमीन डोक्याला बरी असते हा माझा समज होता. डोक्याला बरी असेल, पण भार पेलायचा असतो कोपरांनी आणि खांद्यांनी, आणि त्यांना हलणारी जमीन चालत नाही.

प्रश्न : मी नागपूरची. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडून आसनं करते, तरी गरगरतं. शीतली प्राणायाम वाढवू का?

उत्तर : आधी गच्ची सोडा. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी ती उष्णता बाहेर टाकत असतो आणि तुम्ही नेमक्या त्याच्यावर आडव्या होता. पाणी शिंपडून वर वाफ काढता ती वेगळीच. पहाटे पाच-साडेपाचला हीच गच्ची सगळ्यात गार मिळेल. तेव्हाही वेग निम्मा आणि नमस्कार चारच. घेरंडसंहिता योगाची सुरुवात करायला वसंत आणि शरद सांगते, ग्रीष्माला नको म्हणते. तुम्ही नव्या नाही, पण उन्हाळ्यात नवं आसन शिकायचा उद्योग नको.

शीतली, म्हणजे जिभेची नळी करून तिच्यातून श्वास आत ओढणं, करा, पण बेतानं, सहा ते आठ आवर्तनं. जिभेची नळी होत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, काहींची होतच नाही. दातांमधून श्वास घेऊन सीत्कारी करा. दोन्हींत हवा नाकातून गाळून येत नाही, म्हणून धूळ उडत असेल त्या दिवशी नको, कूलरच्या झोतासमोर बसूनही नको. बीपी कमी राहत असेल तर अजिबात नको. गरगरणं चालूच राहिलं तर तपासून घ्या, त्याचा सगळा दोष मेवर ढकलू नका.

प्रश्न : पुण्यात वेताळ टेकडीवर पहाटे ध्यानाला बसतो. जरा मन लागतंय तोच मोर ओरडतात, नाहीतर कोणीतरी मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून जातं. घरीच बसू का?

उत्तर : मोरांची तक्रार मी ऐकून घेणार नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाच्या जागेचं लांबलचक वर्णन आहे : मुळासकट गोड झाडं, निर्मळ पाणी, मंद वारा, पाखरं फारशी नाहीत, एखादा हंस, कधीमधी कोकिळ. इतकं चोखंदळ वर्णन करून माउली म्हणतात, येऊन-जाऊन मोर असले तरी ‘आम्ही ना न म्हणों’. मग तुम्ही कोण?

गाण्यांचं मात्र खरं आहे. वाट सोडून पन्नास पावलं आत बसा, फिरणारे सहसा पायवाट सोडत नाहीत. खडकावर थेट बसू नका, पहाटे तो गार असतो आणि वर कधी समतल नसतो. घोंगडीची जाड घडी बैठकीखाली घ्या, म्हणजे गुडघे खाली येतील. आणि बसण्याआधी टॉर्च मारून मुंग्यांची रांग कुठून चाललीय ते बघून घ्या.