सेल मारण्याआधी

गणपती तोंडावर आले की मला येणाऱ्या पत्रांचे विषय बदलतात. एरवी ॲव्हरेज, क्लच, एसी. श्रावण लागला की घाट, टायर आणि मीटरवरचे दिवे. म्हणून या अंकात तेवढीच पत्रं घेतली आहेत. नवीन वाचकांसाठी सांगतो, चौतीस वर्षं मी एसटीच्या डेपोत मेकॅनिक होतो आणि आता कराडला घराला लागूनच छोटं गॅरेज चालवतो. जे लिहितो ते हाताखालून गेलेलं असतं.

प्रश्न : आम्ही पाच जण, शिवाय गणपतीचं सामान, असे पुण्याहून गुहागरला जाणार आहोत. पंपावरचा मुलगा न विचारता ३५ हवा भरतो. टायरवर मात्र ५१ लिहिलं आहे. गेल्या थंडीत दोन-तीनदा पहाटे हवेचा पिवळा दिवा लागला आणि थोडं अंतर गेल्यावर आपोआप गेला. मग हवा भरायची तरी किती?
— एक भगिनी, पुणे

ताई, ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडा. दरवाजा जिथे बसतो त्या खांबावर एक स्टिकर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. तुमच्या गाडीचा आकडा तोच, पंपावरच्या मुलाचाही नाही आणि माझाही नाही. बहुतेक गाड्यांत दोन रकाने दिसतील, एक दोन-तीन माणसांसाठी आणि एक भरलेल्या गाडीसाठी. भरलेल्या गाडीत मागच्या चाकांचा आकडा बहुधा जास्त असतो. तुम्ही पाच जण आणि डिकी गच्च, म्हणजे दुसरा रकाना बघायचा. टायरवरचे ५१ म्हणजे तो टायर जास्तीत जास्त किती हवा सोसेल ते. गाडीत किती भरायची याच्याशी त्याचा संबंध नाही.

खरी गोम पुढेच आहे. स्टिकरवरचे आकडे थंड टायरचे असतात. थंड म्हणजे गाडी रात्रभर, निदान तीन तास तरी, उभी असलेली. गेल्या महिन्यात शेजाऱ्यांची गाडी सकाळी सहाला माझ्या अंगणात तपासली, चारही चाकांत ३३. ते हायवेला वीसेक किलोमीटर जाऊन आले आणि तीच चाकं ३६-३७ दाखवायला लागली. पंपावर कुणी ‘हवा जास्त झालीय’ म्हणून त्यातली तीन-चार काढली असती, तर दुसऱ्या दिवशी पहाटे ते ३० वरच कोकणात निघाले असते. गरम टायरमधली हवा कधीही काढू देऊ नका.

कमी हवेने एवढं काय होतं, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. टायर रस्त्याला टेकतो तिथे त्याची बाजू वाकते आणि वर गेली की सरळ होते. ताशी ८० ला छोट्या गाडीचं चाक सेकंदाला बाराएक वेळा फिरतं, म्हणजे तेवढ्या वेळा ती बाजू वाकते. बांधायची तार वाकवून वाकवून तोडताना मोडीवर बोट लावून बघा, चटका बसतो. कमी हवेच्या टायरच्या आत तेच चालू असतं, तासन्‌तास. दुपारी टायर फुटला की लोक उन्हाला दोष देतात, पण माझ्याकडे आलेल्या बहुतेक फुटक्या टायरांची बाजू आतून भाजून भुगा झालेली होती. ती कमी हवेची खूण.

तुमचा पहाटेचा दिवा खरं तेच सांगत होता. पारा पाच-सहा अंशांनी उतरला की टायरमधला दाब साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, तुमचे ३५ म्हणजे ३५ पीएसआय) उतरतो. पण बहुतेक गाड्यांत वीस-पंचवीस टक्के हवा कमी झाल्याशिवाय हा दिवा लागतच नाही. म्हणजे स्टिकरवर समजा ३३ असेल, तर २५-२६ वर तुम्ही निघाला होता. पुढे टायर तापला, आकडा थोडा वर सरकला आणि दिवा गेला. हवा काही परत आलेली नव्हती.

चार-पाचशे रुपयांना हवेचं गेज मिळतं, ते घ्या. निघायच्या दिवशी, चहा ठेवलाय तेवढ्या वेळात, चारही चाकं बघून होतात. स्टेपनी मात्र आदल्या रात्रीच, सामान भरायच्या आधी बघा. डिकीत मखर आणि पिशव्या रचल्यावर तिच्यापर्यंत कुणी पोचत नाही. स्टेपनी बारीक चाकाची असेल तर तिच्यावर वेगळा आकडा असतो, बहुतेक ६०, आणि ती लावून ८० च्या वर जायचं नसतं. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. डेपोत आम्ही टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन प्रत्येक चाकावर ठोका मारायचो. भरलेलं चाक टणक वाजतं, मऊ चाक बद्द. मागच्या जोडचाकातलं आतलं चाक दिसत नाही, ते आवाजानेच कळायचं. कारच्या टायरला ही युक्ती चालत नाही. ३३ आणि २६ शेजारी शेजारी उभे केले तर मलाही ओळखता येत नाहीत.

प्रश्न : घाटात वळणावर गोलातल्या उद्गारचिन्हाचा लाल दिवा क्षणभर लागतो आणि जातो. हँडब्रेक पूर्ण खाली असतो. ब्रेक व्यवस्थित लागतात. ब्रेक ऑइल टाकलं तर भागेल का?
— एक वाचक, पाटण

नाही भागणार. उलट तुम्ही ऑइल ओतून मोकळे व्हाल याचीच मला काळजी वाटते.

बॉनेटखाली ब्रेक ऑइलची पांढुरकी बाटली असते. आतलं ऑइल उतरलं की वळणावर ते एका बाजूला कलतं, आतला तरंगता खटका खाली जातो आणि दिवा लागतो. सपाटीवर आलं की पुन्हा सगळं ठीक दिसतं. आता ऑइल का उतरलं ते बघा. गळती असेल, तर गाडी हलवूच नका. पण बरेचदा गळती नसते, पॅड झिजलेले असतात. पॅड जितके झिजतात तितका कॅलिपरचा (पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणाऱ्या पकडीचा) पिस्टन बाहेर सरकतो आणि मागे झालेली जागा ऑइल भरतं. म्हणून बाटली रिकामी होत जाते. वरून ऑइल ओतलं की दिवा जातो आणि पॅड आहेत तसेच राहतात. पुढे पॅड बदलताना पिस्टन मागे ढकलला की ते जास्तीचं ऑइल बाहेर येतं आणि जिथे सांडेल तिथला रंग उचलतं. तेव्हा आधी पॅडची जाडी बघून घ्या आणि मगच बाटलीला हात लावा.

ऑइल दोन वर्षांनी बदलायचंच. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ जातीचं नवं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं. पाणी मुरलं की तेच १५५ च्या आसपास उकळू शकतं. घाटात सतत ब्रेक दाबून उतरलात तर तेवढी उष्णता कॅलिपरपर्यंत पोचते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल पायाखाली खचतं.

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यात मी कुंभार्ली उतरून चिपळूणला चाललो होतो. पोफळीच्या अलीकडे एक गाडी कडेला उभी होती, पुढच्या चाकांतून धूर आणि जळका वास. गृहस्थ बाटलीतलं पाणी चाकावर ओतायला वाकले होते. मी गाडी थांबवली आणि धावत जाऊन त्यांचा हात धरला. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकू शकते, तडकूही शकते. मग आत बसून पेडल दाबलं. ते मॅटला टेकलं. मागच्या सीटवर दोन पोरं बिस्किटं खात होती. शेवटच्या दोन वळणांवर पेडल मऊ लागत होतं, असं ते गृहस्थ म्हणाले. ते चौथ्या गिअरमध्ये घाट उतरले होते. पाऊण तास आम्ही तिथेच थांबलो. मग मी ती गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गॅरेजपर्यंत नेऊन दिली. त्या पोरांचे चेहरे अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे एसटीच्या ड्रायव्हरला पहिल्या दिवशी शिकवतात. ऑटोमॅटिक गाडी असेल तर एल किंवा मॅन्युअल मोड वापरा. आणि पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. म्हणजे वाचत तर काही नाहीच, हातातला इंजिनचा ब्रेकही जातो.

प्रश्न : मी २०२० ची गाडी सेकंड हँड घेतली. मीटरवर एकही दिवा लागत नाही, म्हणजे गाडी चांगली ना? मित्र म्हणतो एकदा दाखवून घे.
— एक वाचक, विटा

मित्राचं ऐक. चावी ऑन कर, पण सेल मारू नकोस. पुश बटणाची गाडी असेल तर ब्रेकवर पाय न ठेवता दोनदा बटण दाब. ऑइल, बॅटरी, इंजिन चेक, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅग हे सगळे दिवे लागायला हवेत. गाडी स्वतःची तपासणी करत असते. एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवा काही सेकंदांत जातो, ऑइल आणि बॅटरीचा सेल मारल्यावर. या वेळी जो दिवा लागतच नाही, तो मला लागून राहिलेल्या दिव्यापेक्षा जास्त घाबरवतो.

एका मुलाने अशीच घेतलेली गाडी माझ्याकडे आणली होती. एअरबॅगचा दिवा लागायचा, जायचा, सगळं छान. पण मला तो जरा उशिरा जातोय असं वाटलं. नीट पाहिलं तर ऑइलचा दिवा विझतो त्याच क्षणी तोही विझत होता. मीटर उघडला, तर विकणाऱ्याने एअरबॅगच्या दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडून ठेवली होती. स्टिअरिंगच्या झाकणामागे एअरबॅग नव्हतीच. दुसऱ्या एका गाडीत दिव्यावर काळी पट्टी चिकटवलेली सापडली. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक कारला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, म्हणजे तुझ्या गाडीत ती असायलाच हवी. स्कॅनर लावून तपासून घे. कधी कधी सीटखालचा पिवळा कनेक्टर सैल होऊन दिवा लागून राहतो. ते छोटं काम आहे, पण एअरबॅगच्या वायरीला घरी हात लावू नकोस.

प्रश्न : स्पीडब्रेकरला गाडी खालून घासली. थोड्या वेळाने तेलाच्या झारीसारखा लाल दिवा लागला. आवाज काही नव्हता आणि घर चारच किलोमीटर होतं, म्हणून तसाच गेलो. इंजिन जाम झालं. गॅरेजवाला मोठा खर्च सांगतो. फसवतोय का?
— निवृत्त शिक्षक, सांगली

सर, वाईट वाटलं, पण तो खरं सांगत असावा. तो दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचा दाब नाही हे सांगतो. घासल्यामुळे चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) फुटला असणार. दाब गेला की क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधला ऑइलचा पातळ पदर जातो आणि लोखंड लोखंडावर घासतं. आवाज यायला लागतो तेव्हा वेळ गेलेली असते. हा दिवा लागला तर घर समोर दिसत असलं तरी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं आणि टोचन लावून न्यायचं.

बाकी वाचकांनीही हे घरात सगळ्यांना सांगावं. चालू गाडीत लाल दिवा लागला तर सुरक्षित जागा बघून थांबायचं. पिवळा लागला तर बेताने चालवत गॅरेजला न्यायचं. त्यात एक अपवाद आहे. इंजिन चेकचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर एखादा सिलिंडर पेट घेत नाहीये आणि न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजतोय. तेव्हा पुढे जाऊ नका. सकाळी निळ्या थर्मामीटरचा दिवा दिसला तर घाबरायचं कारण नाही. इंजिन अजून गार आहे, एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न : माझी गाडी फक्त ११,००० किलोमीटर चालली आहे. टायरची नक्षी नव्यासारखी आहे. समृद्धी महामार्गाने नागपूरला मुलीकडे जायचं आहे. नायट्रोजन भरून घेऊ का?
— एक ज्येष्ठ वाचक, नाशिक

नायट्रोजनचं नंतर बघू. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. आधी टायरचं वय बघा, काका. टायरच्या बाजूवर डॉट या इंग्रजी अक्षरांपासून सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी लंबगोलात चार आकडे सापडतील. २२१७ असतील तर तो टायर २०१७ च्या बाविसाव्या आठवड्यातला. बाहेरच्या बाजूला नसतील तर आतल्या बाजूला बघा. रबर उभ्या गाडीतही वाळतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांला नक्षी कितीही ताजी असली तरी टायर बाद, असं टायर कंपन्याच सांगतात. बाजूला केसासारख्या चिरा किंवा कुठे फुगा दिसला तर दहा वर्षांचीही वाट बघू नका. नक्षीची कायद्याची मर्यादा कारला १.६ मिलिमीटर आहे. खाचांच्या तळाशी त्या उंचीचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांना टेकली की टायर संपला.

समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे. काँक्रीटचा सरळ रस्ता, त्यात वेग एकसारखा, त्यामुळे टायरला थंड व्हायला उसंत मिळत नाही. गावात चाललेला टायर तिथे चालेलच असं नाही. दर दोन तासांनी थांबा आणि चारही टायरना तळवा लावून बघा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर त्यात हवा कमी आहे किंवा ब्रेक चिकटतोय. मला चारही चाकांचे ते लंबगोलातले आकडे लिहून पाठवा, आणि पाचवा स्टेपनीचा. ती बहुतेक गाडीबरोबरच आलेली असते. एकदाही रस्त्याला लागली नसली तरी तिचं वय तेवढंच असतं.