बेसमेंट फिनिश करण्याआधी रेडॉनचं बघा

प्रश्न: फिलाडेल्फियाजवळ चेस्टर काउंटीत आमचं घर आहे. बेसमेंट फिनिश करण्यासाठी ८.५ टक्क्यांनी ४५,००० डॉलरचा हेलॉक (घर तारण ठेवून मिळणारं कर्ज) घ्यायचा विचार आहे. नाशिकहून आईबाबा येतील तेव्हा सहा महिने तिथेच राहतील. मी घरून काम करतो, तेही तिथेच. रेडॉनची, म्हणजे जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सर्गी वायूची, चाचणी ७.८ पिकोक्युरी प्रति लिटर आली. दुरुस्तीचं कोटेशन १,६५० डॉलर. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, ते नंतर करा. बचत १२,००० आहे. काय करावं?

उत्तर: कॉन्ट्रॅक्टरने क्रम उलटा लावलाय. रेडॉनच्या दुरुस्तीत तळाच्या काँक्रीटला भोक पाडून पीव्हीसीचा पाइप छपराच्या वर नेतात आणि पंख्याने जमिनीतली हवा बाहेर ओढतात. आज फरशी उघडी आहे, भेगा आणि सम्पचा (पाणी गोळा होण्याचा) खड्डा डोळ्यांना दिसतो, त्यामुळे हे साधारण दिवसभराचं काम. उद्या ड्रायवॉल आणि लाकडी फ्लोअरिंग झालं की तेच फोडून करावं लागेल.

ईपीएची (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची) दुरुस्तीची मर्यादा ४ पिकोक्युरी प्रति लिटर आहे. तिच्याच अंदाजानुसार ८ च्या पातळीत आयुष्य काढलेल्या, कधीही धूम्रपान न केलेल्या हजारांपैकी सुमारे १५ जणांना फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. धूम्रपान करणाऱ्यांत हा आकडा १२० वर जातो. तुम्हाला आईबाबांची काळजी वाटते, ते ठीकच. पण ते सहा महिन्यांनी परत जातील, तुम्ही मात्र वर्षभर रोज तिथे बसणार!

तुमचा भागही रेडॉनसाठी प्रसिद्धच. शेजारच्या बर्क्स काउंटीत राहणारे स्टॅन्ली वॉट्रस हे इंजिनिअर १९८४ मध्ये लिमरिकच्या अणुवीज प्रकल्पावर कामाला गेले की त्यांच्यामुळे किरणोत्सर्गाचा अलार्म वाजायचा. दोष प्रकल्पाचा नव्हता, घरातल्या रेडॉनचा होता.

तरी एका आकड्यावर पैसे टाकू नका. वीसेक डॉलरचं रेडॉन मोजायचं चारकोल किट आणून पुन्हा मोजा. बारा तास आधीपासून चाचणी संपेपर्यंत दारं-खिडक्या बंद. पुन्हा ४ च्या वर आलं तर १,६५० थेट बचतीतून द्या, एवढ्यासाठी कर्ज नको. काम पेनसिल्व्हेनियाच्या सर्टिफाइड माणसाकडूनच घ्या. पंख्याचं वीजबिल वर्षाला शंभरेक डॉलरच्या आसपास येईल. पाइपवर रंगीत द्रवाची यू-नळी असते. दोन्ही बाजूंची पातळी सारखी दिसली तर पंखा बंद पडलाय असं समजा. शिवाय घर विकायला काढाल तेव्हा खरेदीदार चाचणी करणारच, म्हणजे हा खर्च टळत नाही.

हेलॉकचं मात्र थांबवा. ४५,००० वर वर्षाचं नुसतं व्याज ३,८२५ डॉलर, दर बहुधा तरता (बाजाराप्रमाणे बदलणारा), आणि हाताशी उरणार दहा हजार. एवढ्या तुटपुंज्या गंगाजळीवर मी तरी सही करणार नाही. तूर्त ऑफिसचा कोपरा आणि बाथरूम एवढंच करा. आईबाबांना वरच्या मजल्यावरची खोली द्या, गुडघ्यांनाही बरं. पुढे खाली बेडरूम करायचीच असेल, तर आपत्कालीन सुटकेची खिडकी लागते. ती ४५,००० मध्ये धरली आहे का, हे कॉन्ट्रॅक्टरकडून लेखी घ्या.