वडिलांचं मनगट मोडलं, आणि वाईट वाटलं नाही

माझ्याकडे सल्ला मागायला आलेला विशीतला मुलगा. त्याच्या परवानगीने, ओळख पटेल असं सगळं बदलून लिहिते आहे. वडील दारू पिऊन आईला मारायचे, तो लहान असल्यापासून. एका रात्री त्यांनी सळई उचलली. याने ती हिसकावली, वडिलांना ढकललं. ते पडले, मनगट मोडलं. आई वाचली. नात्यातले काही जण त्याची पाठ थोपटत होते, काही ‘जन्मदात्यावर हात टाकलास’ म्हणून तोंड फिरवत होते. त्याचा प्रश्न एवढाच होता : “मॅडम, कुणाला इजा करणं कधी चांगलं असू शकतं का?”

अशा वेळी ‘तू बरोबरच केलंस’ म्हणून टाकण्याचा मोह होतो. पण ते त्याचे काकाही म्हणाले होते, तरी तो माझ्याकडे आलाच होता. म्हणजे काहीतरी सांगायचं राहिलं होतं.

मी त्याला एक उदाहरण दिलं. हृदय बंद पडलेल्या मोठ्या माणसाची छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, निदान 5 सेंटिमीटर खोल दाबावी लागते. त्यात बरगड्या मोडणं नवीन नाही. मोडलेली बरगडी काही चांगली गोष्ट नव्हे, ती नंतर दुखणारच. तरीही छाती दाबणं योग्यच, कारण न दाबता माणूस जातो. इजा ही इजाच राहते. ती करण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता का, एवढंच विचारायचं असतं.

त्याने लगेच मला अडवलं. “पण छाती दाबणारा चिडलेला नसतो ना.”

आणि मग राहिलेलं बाहेर आलं. वडील पडल्यावर, सळई लांब गेल्यावर, त्याने त्यांना एक लाथ घातली होती. आईने पाहिलं नाही, वडिलांना शुद्ध नव्हती. “आणि मला बरं वाटलं,” तो म्हणाला. त्याची झोप उडाली होती ती या लाथेपायी. मनगटाबद्दल तो सगळ्यांशी बोलत होता, लाथेबद्दल कुणाशीच नाही.

पुढचा बराच काळ आम्ही धक्का आणि लाथ वेगळे करण्यातच घालवला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाबद्दल लिहिताना हीच रेघ ओढली आहे : जीव वाचवायला लागेल तेवढं बळ ठीक, त्याहून जास्त नाही. अनेक देशांचे कायदेही साधारण हेच म्हणतात, आणि धोका टळला की मुभाही संपते. धक्का रेघेच्या अलीकडे होता, लाथ पलीकडे. ती समजण्यासारखी होती, इतकी वर्षं साचलेलं होतं ते. पण समजण्यासारखी म्हणून योग्य ठरत नाही, आणि तसं मी त्याला स्पष्ट सांगितलं. तो दुखावला नाही. उलट सैल होऊन बसला. आमच्याकडे येणाऱ्यांना नेहमी निर्दोषत्वच हवं असतं असं नाही, नेमका हिशेब हवा असतो.

‘बरं वाटलं’चं काय? वर्षानुवर्षं धास्तीत राहिलेल्या माणसाचा धोका जमिनीवर आडवा झाला की सुटकेची लाट येते. तेवढ्यावरून कुणी क्रूर ठरत नाही. खरंच क्रूर असलेली माणसं घडलेलं रात्री आठवून सहसा घाबरत नाहीत.

उलट टोकाचीही माणसं येतात : केलं ते योग्यच होतं, तरी आतून टोचतं, म्हणजे चुकलंच असणार, असं मानणारी. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी एका ट्रकचालकाचं उदाहरण दिलं होतं. चूक नसताना त्याच्या गाडीखाली मूल येतं. त्याला जे वाटेल ते बाजूला उभ्या असलेल्याला वाटणार नाही, आणि त्याने ते सहज झटकून टाकलं तर आपल्यालाच खटकेल. टोचणी हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे.

घरात आजही मारहाण होत असेल, तर यातला कुठलाही विचार नंतर. आधी सुरक्षित जागा आणि पोलिसांची मदत. सळई हिसकावण्याची वेळ येऊ न देणं केव्हाही बरं. या मुलानेही पुढे आईला घेऊन वेगळं बिऱ्हाड केलं.

वडिलांची माफी मागू का, असं त्याने शेवटी विचारलं. लाथेची माग, ढकलल्याची नको, असं मी म्हटलं. त्याने तसंच केलं. वडिलांनी शिव्या दिल्या. त्या ऐकून तो परत आला आणि नोकरीवर गेला.